‘शास्त्रीय कारणे लिहा’
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी चंदीगडला सेक्टर ३९ मध्ये राहतो. १९८४ साली स्थापन झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था याच सेक्टरात आहे. संध्याकाळी शेजारची आठवी-नववीची मुले विज्ञानाच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. घरी पंजाबी, खेळताना हिंदी आणि वहीत इंग्रजी. बोलतात अगदी सफाईने. पण माठातले पाणी थंड का राहते, हे लिहायला सांगितले की एका वाक्यात अडतात : माठ थंड असतो म्हणून.

अशा वेळी आपला विज्ञानाचा तास आठवतो. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ याचे उत्तर बाई फळ्यावर लिहून देत नसत. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते. त्याचे बाष्पीभवन होते. त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्याकडून घेतली जाते. म्हणून ते थंड राहते. ही वाक्ये पाच चिठ्ठ्यांवर लिहून आम्ही क्रमाने लावत असू. बाई मधलीच एक चिठ्ठी काढून घेत आणि विचारीत, “आता ‘म्हणून’ म्हणण्याचा हक्क तुम्हांला उरला का?”

पुढे महाविद्यालयात सारे इंग्रजी. माझा पहिला प्रयोग-अहवाल लाल रेघांनी भरून परत आला. त्या रात्री वसतिगृहात मी रडलो, हे आज सांगायला हरकत नाही. शब्द चुकले होते, कारणांची साखळी मात्र शाबूत होती. ‘मी’ गाळून लिहायचे, ही इंग्रजी अहवालाची रीत मला ठाऊक नव्हती. नंतर उमगले, की ‘परीक्षानळीत पाणी घेतले’ हा आपला कर्मणी प्रयोगच. तो मी सातवीपासून लिहीत होतो! केवळ हे जोडून दाखवणारे कोणी भेटले नव्हते.

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्या इंग्लंडातही १९७५ मध्ये बुलक समितीला सांगावे लागले, की भाषेची जबाबदारी सर्वच विषयांच्या शिक्षकांची आहे. आज आपल्याकडे सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. माझा त्यांना विरोध नाही. विनंती एवढीच, की विज्ञानाचे कारण आधी मराठीत पूर्ण लिहून घ्यावे, मग इंग्रजीत. पालकहो, त्यात आठवड्याचा एखादा तास जाईल. तो वाया गेला असे समजू नका.

गेल्या उन्हाळ्यात सेक्टरातल्या मुलांकडूनही मी चिठ्ठ्या लिहून घेतल्या, आधी हिंदीत. चौथी चिठ्ठी हळूच खिशात घातली. एक मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अंकल, बीच में कुछ छूट गया है.”