वाटेवरची तालीम

आषाढाच्या तोंडावर बीड जिल्ह्यांतील रस्त्यांना निराळेंच रूप येतें. पैठणहून निघालेली एकनाथमहाराजांची पालखी रायमोहा, पाटोदा या वाटेनें खर्ड्याकडे जाते. शेगांवच्या गजाननमहाराजांची पालखी परळी व अंबाजोगाई या मार्गानें येते. मुक्ताईची पालखी बीड शहरांतून पुढें सरकते. या मोठ्या पालख्यांखेरीज गांवोगांवच्या लहान दिंड्या असतात, आणि त्यांत दहा-बारा वर्षांचीं मुलें हटकून असतात. वडील माणसें विठ्ठलदर्शनाच्या ओढीनें चालतात. मुलांची ओढ थोडी वेगळी असते, हें कबूल केलेलें बरें. शाळेंतले सवंगडी बरोबर असतात, रात्रीं देवळाच्या ओवरींत झोपावयास मिळतें, ओढ्यांत डुंबतां येतें आणि अभ्यासाचा तगादा नसतो. अंबाजोगाईपासून पंढरपूर शंभराहून अधिक मैल. एवढी पायपीट हीं मुलें हंसतखेळत करतात. त्यांतच एखादा असा निघतो कीं, ज्याची नजर खेळावर नसून पखवाजाच्या पुडीवर खिळलेली असते.

श्रोतेहो, त्या मुलाविषयीं आज बोलावयाचें आहे. शहरांतील सुशिक्षित घरांत मुलाला संगीताची गोडी आहे असें दिसलें कीं शिक्षक ठरविले जातात. आठवड्यांतून दोन तास, एक शांत खोली, समोर पेटी किंवा तबला. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु अंबाजोगाई तालुक्यांतील आपेगांव या लहानशा खेड्यांतून शंकरबापू आपेगांवकरांसारखा पखवाजवादक कसा उभा राहिला, याचें उत्तर त्या खोलींत सांपडत नाहीं. शंकरबापू वारकरी कुटुंबांतले. वारकरी भजनाची परंपरा त्यांच्या वादनाच्या मुळाशीं होती, आणि १९८६ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री देऊन त्या वादनाचा गौरव केला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. अंबाजोगाईला सरकारदरबारीं मोमिनाबाद म्हणत. खेड्यांतल्या मुलाला संगीताची शाळा म्हणून जें कांहीं होतें, तें म्हणजे देवळांतलें भजन आणि वर्षांतून एकदां दिंडीची वाट.

ही शाळा मोठी कडक. दिंडींतला पखवाज मांडी घालून वाजविण्याचा नव्हे. जड लाकडी खोड पट्ट्यानें गळ्यांत अडकवावयाचें आणि चालतां-चालतां वाजवावयाचें. उजव्या पुडीवर शाई कायमची असते. डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, भिजविलेली कणीक थापतात. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर बद्द. म्हणून नव्या मुलाला पहिलें काम मिळतें तें वाजविण्याचें नव्हे, कणीक मळण्याचें. आषाढाची हवा दमट; पावसाच्या सरीनंतर कातडें सैल पडतें, मग गठ्ठे ठोकून सूर पुन्हां वीणेशीं मिळवावा लागतो. दिवसांतून चार-पांच वेळां हें घडतें. खोलींत बसून जो कान वर्षभरांत तयार व्हावयाचा, तो येथें एका वारींत बराचसा तयार होतो.

चालण्यांत तर तालाचें अर्धें गणितच आहे. चौताल १२ मात्रांचा, धमार १४ मात्रांचा, सूलताल १० मात्रांचा. दर मात्रेस एक पाऊल टाकलें आणि उजव्या पायावर सम धरली, तर प्रत्येक आवर्तनांत ती उजव्याच पायावर येते. तीव्रा मात्र ७ मात्रांचा. त्याची सम एकदां उजव्या पायावर, तर पुढच्या खेपेस डाव्यावर. ज्याला जाणत्या गुरूकडून बोल मिळाले आहेत अशा मुलानें दोन-चार मित्रांना घेऊन, तोंडानें बोल म्हणत, पैजेवर मैलभर चालून पाहावें. कोण कोठें चुकला हें सांगावयास परीक्षक नको, पाय सांगतात.

खरी कसोटी भजनांत लागते. ध्वनि सेकंदास सुमारें ११०० फूट जातो. टाळकर्‍यांची शेवटची रांग पखवाजापासून १०० फुटांवर असेल, तर थाप तेथें पोंचून टाळांचा नाद परत येईपर्यंत सेकंदाचा जवळजवळ पांचवा भाग निघून जातो. जलद लयींत हा फरक थोडा नव्हे. कानावर येणार्‍या टाळाला धरूं पाहणारा वादक क्षणोक्षणीं मागें ओढला जातो आणि त्याच्याबरोबर सगळी दिंडी मंदावते. जाणता पखवाजी ऐकतो सर्वांचें, पण लय आपल्या पावलांत ठेवतो.

गुणी मुलाचें बिघडावयाचें तें येथेंच. त्याचे हात जलद, परणी पाठ, आणि ८ मात्रांच्या साध्या ठेक्यांत तुकडा घुसविण्याची दांडगी हौस. मंडपांत त्याला टाळ्या मिळाल्या असत्या. वाटेवर पन्नास माणसांचीं पावलें अडखळतात. पावली खेळणारा एखादा म्हातारा मध्येंच थांबतो व वळून पाहतो. रागावत नाहीं, बोलत नाहीं. थोड्या वेळानें पखवाज त्या मुलाच्या गळ्यांतून दुसर्‍याच्या गळ्यांत जातो, आणि पुढचे दोन मुक्काम त्याच्या हातीं टाळ येतात. सवंगडी चिडवतात तें वेगळेंच. कित्येक मुलें येथें रुसून वाद्य सोडतात, आणि त्यांत खरोखर बुद्धिमान असलेलींहि असतात. हें नुकसान खरें आहे. शिस्तीच्या कौतुकांत तें झांकूं नये. जो राहतो, तो तिसर्‍या दिवशीं पुन्हां कणीक मळावयास बसतो.

मात्र केवळ दिंडीनें पखवाजी पुरा होतो, असें म्हणणेंहि भाबडेपणाचें. भजनी ठेक्यांत मुरलेला हात विलंबित चौतालांत उतावीळ होतो. १२ मात्रांच्या विस्तीर्ण आवर्तनांत मोकळी जागा कशी सांभाळावी, हें चालतांना शिकतां येत नाहीं. त्यासाठीं कोणापुढें तरी वर्षानुवर्षें बसावेंच लागतें. १९व्या शतकांतले नाना पानसे वाईजवळच्या बावधनचे. वडिलांबरोबर यात्रेच्या निमित्तानें काशीस गेले, तेथें बाबू जोधसिंगांचा पखवाज ऐकला आणि शिकण्यासाठीं राहिले. पुढें इंदूरला त्यांच्या नांवाचें घराणें झालें. यात्रेनें त्यांना गुरूपर्यंत पोंचविलें. पुढचें काम बैठकीनें केलें.

दरम्यान ख्याल पुढें आला, त्याच्याबरोबर तबला आला, ध्रुपद मागें पडलें आणि पखवाजाची बैठकींतली जागा आकसत गेली. संस्थानेंहि विलीन झालीं. वारी मात्र दरवर्षीं निघत राहिली, आणि तिला पखवाजावांचून पाऊल टाकतां येत नव्हतें. आळंदीस जोगमहाराजांनीं १९१७ सालीं स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणीं भजनाबरोबर मृदंगहि मुलांच्या हातीं येत राहिला. आपेगांवची विद्या शंकरबापूंचे चिरंजीव उद्धवबापू यांनीं पुढें चालविली.

दिंडी परत येते तेव्हां मुलें पांगतात. कोणी शेताला लागतो, कोणी शाळेला, कोणी पुढें नोकरीसाठीं पुण्या-मुंबईस जातो. पखवाज उरतो तो त्या एकाच्या हातीं. रात्रीचें भजन संपल्यावर तो धुम्यावरची वाळूं लागलेली कणीक खरवडून काढतो, ओल्या फडक्यानें कातडें पुसतो आणि वाद्य भिंतीशीं टेकवून ठेवतो. पहांटेच्या काकड्यासाठीं मूठभर पीठ त्यानें आधींच बाजूला काढलेलें असतें.