'टच अँड गो' म्हणजे काय? इंग्रजी वाक्प्रचार आणि विचारायचा राहून गेलेला एक प्रश्न



ज्यांना ऐकायला सवड होत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडी झाडलोट केली आहे.

आजचा विषय आहे इंग्रजी वाक्प्रचार. शाळेत आपण त्यांना 'इडियम्स अँड फ्रेजेस' म्हणायचो. मी सांगली जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो. दहावीला वहीच्या मागच्या पानांवर यादी होती. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. पाठ करायचा, पेपरात वाक्यात उपयोग करायचा, मार्क घ्यायचे. मला त्यात कधी मार्क कमी पडले नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्ट त्यामुळेच घडली.

2011 साल. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बाबांना हार्ट अटॅक आला आणि आम्ही त्यांना कोल्हापूरला नेलं. आयसीयूच्या बाहेर मी आणि आई. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. घाईत होते. मी इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर माझ्याशी इंग्रजीतच बोलले, "सी, इट्स टच अँड गो. नेक्स्ट फॉर्टी-एट अवर्स." माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

टच अँड गो. हा माझ्या यादीत नव्हता. पण शब्द तर दोन्ही येत होते! टच म्हणजे स्पर्श, गो म्हणजे जा. मी मनाशी अर्थ लावला की अटॅक नुसता चाटून गेलाय, अठ्ठेचाळीस तासांत घरी सोडतील. खांद्यावरचा हात मला शाबासकीसारखा वाटला.

आईला तसंच सांगितलं. तिने तिथेच हात जोडले. मग आत्याला नागपूरला फोन लावला. ती निघायच्या तयारीत होती. मी म्हणालो, "आत्या, घाई करू नकोस. दोन दिवसांत सोडतायत. घरी आल्यावर निवांत ये."

रात्री दोनच्या सुमाराला ड्युटीवरच्या सिस्टरनी विचारलं, "जवळच्या माणसांना कळवलंय ना?" मी म्हणालो, "कशाला? परवा डिस्चार्ज आहे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोणी सांगितलं?" मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. त्यांनी मला आईपासून चार पावलं लांब नेलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, टच अँड गो म्हणजे अजून काही सांगता येत नाही. इकडे किंवा तिकडे, काहीही होऊ शकतं."

पुढची रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. पहाटे आत्याला फोन केला. ती मिळेल त्या डब्यात बसून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघाली. नागपूर ते कोल्हापूर म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत. त्या काळात तिला दर स्टेशनला वाटत होतं की आता फोन येणार. बाबा वाचले, देवाची कृपा. पण आल्या आल्या आत्याने मला विचारलं, "अरे, माझा एकुलता एक भाऊ. आणि तू मला घाई करू नको म्हणालास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगायची लाज वाटली. शिकलेला मुलगा ना मी!

असो. त्या दिवसापासून मला वाक्प्रचारांचा नाद लागला. जे थोडंफार कळलं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट. वाक्प्रचार म्हणजे शब्दांची बेरीज नाही. आपल्या भाषेत हे आपल्याला जाणवतही नाही. 'तिने घरावरच्या हक्कावर पाणी सोडलं' हे ऐकून आपण बादली शोधत नाही. दान देताना हातावरून उदक सोडायची रीत होती, तिथून तो आला. 'त्याने माझ्या तोंडाला पानं पुसली', 'बोलता बोलता डोळा लागला'. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला यातला एकेक शब्द कळेल आणि वाक्य कळणार नाही. आपलं इंग्रजीत तेच होतं. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. सगळे शब्द सोपे आहेत, पण वाक्य त्या जागी विचित्र वाटतंय, तर तिथे वाक्प्रचार आहे असं समजा. दवाखान्यात कोणी 'स्पर्श करा आणि जा' कशाला म्हणेल? मी एवढा विचार केला असता तर बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट. वाक्प्रचार कुठल्या कामातून आला ते बघा. टच अँड गो जहाजांवरून आल्याचं सांगतात. उथळ पाण्यात जहाजाचा तळ जमिनीला घासतो आणि जहाज पुढे निसटतं. निसटलं म्हणून ठीक, अडकलं असतं तर संपलं. विमानात हाच शब्द अगदी शब्दशः वापरतात. शिकाऊ पायलट धावपट्टीला चाकं टेकवतो आणि न थांबता पुन्हा उडतो, तो टच अँड गो.

अमेरिकन लोक बेसबॉलमधले शब्द वापरतात. 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं, 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण. ब्रिटिशांचे क्रिकेटमधले आहेत, ते आपल्याला न शिकवता कळतात. 'स्टिकी विकेट'वर अडकलेला माणूस डोळ्यासमोर येतो. आपल्याकडे 'हिरवा कंदील दाखवणे' आहे, तो रेल्वेचा. 'हिमनगाचं टोक' तर आपण इंग्रजीतूनच उचललं. महाराष्ट्रात हिमनग कोणी पाहिलाय? पण आता तो आपलाच झालाय.

इथे एक इशारा. व्हॉट्सअ‍ॅपवर वाक्प्रचारांच्या उगमाच्या फार सुरस कथा फिरतात. 'रूल ऑफ थंब' म्हणे अंगठ्याइतक्या जाडीच्या काठीने बायकोला मारायची परवानगी देणाऱ्या इंग्लंडमधल्या कायद्यातून आला. असा कायदा कुठेही सापडलेला नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'मधली कुत्री-मांजरं गवती छपरावरून पावसात घसरून पडायची, हीसुद्धा रचलेली गोष्ट. लक्षात ठेवायला सोपी म्हणून वापरा हवं तर, पण खरी समजू नका.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नुसता अर्थ पुरत नाही, वजन कळायला हवं. यादीत 'गंभीर' असं एकच लिहिलेलं असतं, पण गंभीर म्हणजे किती? दवाखान्यातलेच शब्द घ्या. 'अंडर द वेदर' म्हणजे जरा बरं नाही, सर्दी-कणकण. 'ऑन द मेंड' म्हणजे सुधारणा होतेय. 'नॉट आउट ऑफ द वुड्स यट' म्हणजे सुधारणा आहे, पण धोका टळलेला नाही. 'टच अँड गो' म्हणजे काठावर. आणि 'टेकन अ टर्न फॉर द वर्स' म्हणजे तब्येत बिघडली. ही एक शिडी आहे. कुठली पायरी कुठे, हे कळलं तर कोणाला कधी फोन करायचा ते कळतं.

वजन न कळल्याने काय होतं, त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एप्रिल 1951, कोरियातलं युद्ध, इमजिन नदी. ब्रिटिशांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली होती. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं, परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. ब्रिटिश माणूस संकट असं कमी करून सांगतो. त्याच्या तोंडी 'अ बिट स्टिकी' म्हणजे मरायची वेळ आली आहे. अमेरिकन जनरलने ऐकलं की थोडं अवघड आहे, पण निभावतंय. असं सांगतात की माघारीचा आदेश आणि कुमक वेळेवर मिळाली नाही, त्यात या वाक्याचाही हात होता. त्या बटालियनमधले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी होती, बरं का! मग आपण चुकलो तर एवढं वाईट वाटून घेऊ नये.

याच दोन देशांचा आणखी एक घोळ म्हणजे 'टेबल इट'. ब्रिटनमध्ये एखादा विषय 'टेबल' केला म्हणजे चर्चेला घेतला. अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला. अगदी उलट! दुसऱ्या महायुद्धातल्या एका बैठकीत यावरून लांबलचक वाद झाला, आणि दोन्ही बाजूंना हवं होतं एकच, असं खुद्द चर्चिलनी लिहून ठेवलंय. तुमच्या ऑफिसात दोन्हीकडचे क्लायंट असतील तर जपून.

आणि आपलं स्वतःचं इंग्रजी? 'आय पास्ड आउट इन 2012' असं मी एका लंडनच्या बाईंना सांगितलं. त्यांनी काळजीने विचारलं, "आता बरं आहे ना?" तिकडे 'पास आउट' होणं म्हणजे बेशुद्ध पडणं. तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणायचं.

आता शिकायचं कसं? मी करतो ते सांगतो. यादी पाठ करत नाही. आठवड्याला दोनच वाक्प्रचार घेतो, तेही कानावर पडलेले किंवा वाचलेले. वहीत चार गोष्टी लिहितो. कोण कोणाला म्हणालं, काय चाललं होतं, बातमी चांगली होती की वाईट, आणि हे मी माझ्या बॉसला म्हणू शकतो का. मग मराठीत त्या जागी आपण काय म्हटलं असतं ते लिहितो. टच अँड गोसमोर मी आधी 'तळ्यात-मळ्यात' लिहिलं होतं. मग खोडलं. अर्थ जवळचा आहे, पण आयसीयूच्या दारात कोणी तळ्यात-मळ्यात म्हणत नाही. तिथे सिस्टरांचं वाक्य लिहिलं, 'अजून काही सांगता येत नाही'.

मागच्या भाऊबीजेला आत्या आली होती. बाबांना ओवाळून झालं, सगळे चहा घेत बसले होते, तेव्हा मी तिला ही सगळी हकिकत सांगितली. इतक्या वर्षांनी. मला वाटलं चिडेल, नाहीतर हसेल. ती एवढंच म्हणाली, "अरे, मग डॉक्टरांना विचारायचं होतंस की, म्हणजे काय म्हणून."

बरोबर आहे तिचं. सगळ्या वह्या-याद्यांपेक्षा हे एक वाक्य आधी शिकायला हवं होतं. म्हणजे काय, डॉक्टर? मराठीत सांगता का? यात कमीपणा काही नाही, आणि समोरचा कितीही घाईत असला तरी एवढ्यापुरता थांबतो.

तुमचा असा फसलेला एखादा वाक्प्रचार असेल तर नक्की कळवा, पुढच्या भागात घेऊ. आणि घरात कोणी दवाखान्यात असेल तर ती वरची शिडी कागदावर लिहून जवळ ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!