वाहनतळाची फरसबंदी : मुरुमाला देणगीदार हवा
(जीर्णोद्धार समितीच्या सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. कचेरीत बसून फाइलीवर टिपणी लिहिणारा मी माणूस. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. मी इंजिनिअर नव्हे. परंतु समितीने पटांगणाच्या फरसबंदीचे कागद माझ्याकडे पाहावयास दिले, तेव्हा मनात आले ते आपणांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

ईश्वरकृपेने व आपणा सर्वांच्या दातृत्वाने देवळाचे काम पूर्ण झाले, कळस चढला. आता राहिले समोरचे पटांगण. परतवाडा-हरिसालकडून येणारी आणि बऱ्हाणपूरकडे जाणारी वाहने आपल्या धारणीत थांबतात. बाजाराच्या दिवशी जीपगाड्या, मोटारसायकली आणि बैलबंड्या एकमेकींत अडकतात. पावसाळ्यात तर चपला हातात घेऊन देवदर्शनाला यावे लागते. म्हणून तेथे फरसबंदी करून वाहनतळ करावा, वाहनांकडून माफक आकार घ्यावा आणि त्यातून दिवाबत्तीचा व पूजेचा खर्च चालवावा, असा ठराव आहे. ठराव चांगला आहे. माझा त्यास विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपण फरशीचा रंग ठरविला, नक्षी ठरविली, पण खालच्या मातीचा विचार अजून केलेला नाही.

आपल्या पटांगणाखाली काळी माती आहे. ही माती कपाशीला माय, पण बांधकामाला वैरी. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री म्हणत, "बाबूजी, हे माती दर साली दोनदा कूस बदलते. तिच्या अंगावर फरशी टाकाल तर तेही कूस बदलीन."

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि तो सांगताना मला संकोच वाटतो. पूर्वी दुसऱ्या ठिकाणी नेमणुकीस असताना एका कचेरीच्या अंगणात असेच ब्लॉक बसविले गेले. मार्चअखेर जवळ आली होती, निधी परत जाणार होता. माती न काढता वर थोडा मुरूम पसरून, पंधरा दिवसांत काम उरकले. कागदावर उतार दाखविला होता, जमिनीवर तो नव्हता. बिलाची टिपणी मीच लिहिली. काम समाधानकारक झाले, असे त्यात लिहिले होते. श्रावणात ब्लॉक वर-खाली झाले, मध्येच डबके साचले. जातीच्या दाखल्यासाठी आलेली एक कोरकू बाई, कडेवर लेकरू, तेथे पाय घसरून पडली. लेकराला तिने वाचविले, पण तिचे मनगट मोडले. मी खिडकीतून पाहत होतो. ती टिपणी आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून देवाच्या दारी तरी तसे होऊ नये. काम कसे व्हावे ते जाणकारांना विचारून मी टिपून घेतले आहे. प्रथम काळी माती दीड-दोन फूट खोल काढून टाकावी. त्या जागी मुरूम भरावा. तो एकदम न टाकता सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून भरावा. त्यावर खडीचा थर दाबून घ्यावा. त्यावर इंच-सव्वा इंच वाळू, आणि वाळूवर ब्लॉक. चारही बाजूंना काँक्रीटमध्ये कडेचे दगड पक्के बसवावेत, नाही तर ब्लॉक कडेने सरकत जातात. ब्लॉकसाठी भारतीय मानक 15658 आहे. हलक्या रहदारीला 60 मिलिमीटर जाडीचा आणि मध्यम रहदारीला 80 मिलिमीटर जाडीचा ब्लॉक त्यात सांगितला आहे. आपल्याकडे भरलेल्या जीपगाड्या व मालवाहू गाड्या येणार, तेव्हा 80 मिलिमीटरचाच घ्यावा. दरपत्रकात 60 चा भाव लिहून आलेला आहे. तो स्वस्त दिसतो, पण पुढे महाग पडेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. आम्ही टेप धरून पटांगण मोजले. ते 40 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद आहे. पैकी 28 मीटर लांबीवर फरशी करावी, म्हणजे 840 चौरस मीटर होतील. त्यावर एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 42,000 लिटर पाणी होते. आज ते मातीत मुरते, पसरते. फरशीनंतर ते एकदम धावेल, आणि धावेल ते खालच्या आळीतील घरांत. आपण देवळाचे अंगण कोरडे करायचे आणि शेजाऱ्याची चूल विझवायची, हा धर्म नव्हे. काळ्या मातीत शोषखड्डाही लवकर शोषत नाही. म्हणून देवळाच्या जोत्यापासून रस्त्याकडे दर मीटरला 2 सेंटिमीटर, म्हणजे 30 मीटरांत 60 सेंटिमीटर उतार ठेवावा, आणि तेथून नाल्यापर्यंत पक्की नाली आधी बांधावी. नाली आधी, फरशी मागून. संत गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. गावात शिरताच त्यांच्या हातात खराटा असे, आणि तो गल्लीवर व गटारावर चाले. नालीचे काम हलके समजू नये.

तिसरी गोष्ट जागेची. मोटारीला 5 मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा लागते. दोन रांगा आणि मधून 6 मीटरची वाट ठेवली तर 16 मीटरांत 24 मोटारी राहतील. उरलेल्या 12 मीटरांत मोटारसायकलींच्या दोन रांगा व मालवाहू गाड्यांची ये-जा बसते. राहिलेली 12 मीटरची पट्टी, जेथे लिंबाची झाडे आहेत, ती फरशीविना ठेवावी. तेथे बैलबंड्या सुटतात. पाड्यांवरून पायी आलेली माणसे तेथेच भाकरी सोडतात. त्यांच्याकडून पैसा घेऊ नये, आणि त्यांना तेथून उठवूही नये. उत्पन्नासाठी आपण वाहनतळ करतो हे खरे, पण हे अंगण आधी त्यांचे आहे.

आता माझ्या धंद्यातल्या दोन गोष्टी. मुरूम व वाळू ही गौण खनिजे आहेत. स्वामित्वधन भरल्याची पावती व वाहतूक पास असल्याशिवाय एकही ट्रॉली उतरवून घेऊ नये. आपल्या भोवती व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. तेथील नाल्यातून रात्री आणलेली वाळू देवाच्या कामाला लावू नये. दुसरे असे की, वाहनतळ ठेक्याने द्यावयाचा तर घाईने लांब मुदतीचा करार करू नये. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे बिगरशेती जागेचा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालत नाही. दराचा फलक दारावर असावा, पावती छापील असावी आणि महिन्याचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लागावा.

काही मंडळी म्हणतात, एवढे सोपस्कार कशाला? जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले, गिनीज बुकात नोंद झाली. मग आपले एवढेसे अंगण आठ दिवसांत का होऊ नये? वऱ्हाडाला त्याचा अभिमान आहेच. पण मंडळी, तो विक्रम वरच्या डांबरी थराचा. पाया आधी तयार होता, म्हणून वरचा थर धावला.

म्हणून माझी सूचना अशी : यंदाच्या उन्हाळ्यात माती काढणे, मुरूम, रोलर आणि नाली एवढेच करावे. एक पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा. जेथे खचेल तेथे पुन्हा भरावे. दिवाळीनंतर खडी, वाळू आणि ब्लॉक. हनुमान जयंतीला रंगीत फरशी पाहावी अशी देणगीदारांची इच्छा होती, ती एक वर्ष लांबेल, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागतो. आणि ब्लॉकवर नावे कोरावयाची कल्पना सोडून द्यावी. आपल्या वडिलांच्या नावावर लोकांचे पाय व गाडीची चाके पडावीत, असे कोणास वाटेल? नावे भिंतीवरील पाटीवर यावीत.

फरशीला देणगीदार लवकर मिळतो, कारण ती दिसते. मुरूम कोणास दिसत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. मी लहान पगाराचा माणूस, पण दोन ट्रॉली मुरुमाची पावती आज माझ्या नावे फाडावी. पाटीवर नाव नको. त्या बाईचे मनगट मला भरून देता येत नाही. निदान येथे कोणी पडू नये.