विश्वस्तवृत्ती आणि धान्याची शेती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



ज्या संस्थेने पन्नास वर्षे समाजाचा पैसा सांभाळला, त्या संस्थेच्या मंगल सोहळ्यात शेतीचा विषय काढणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु ‘विश्वस्त’ हा शब्दच विश्वासातून आला आहे, आणि धान्य पिकविणाऱ्या संस्थांपुढेही आज हाच प्रश्न उभा आहे : लोकांचा विश्वास कसा मिळवावा व कसा टिकवावा?

भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि आणि कृषी यांची शिकवण दिली, असे आपली परंपरा सांगते. पृथ्वी आणि पाणी यांतही जीव मानणारा हा धर्म आहे. त्यामुळे जमिनीचा कस राखणे व पाणी जपून वापरणे हा जैनांच्या दृष्टीने केवळ उत्पन्नाचा नव्हे, तर संयमाचाही विषय ठरतो. शिवाय जालन्याची बाजारपेठ शेतावरच उभी आहे. खरीप साधला की मोंढा गजबजतो व दिवाळीला कापडपेठेत उभे राहण्यास जागा मिळत नाही. खरीप गेला की दुकानदार पेढीवर बसून रस्ता पाहतो.

जालन्याला बियाण्यांचे गाव ही ओळख मिळाली, तीही विश्वासाच्याच बळावर. कै. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची स्थापना केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्काराने गौरविण्यात आले. बियाण्याचा व्यापार इतर व्यापारांहून कठीण आहे. कापड हाताला लावून पाहता येते. पिशवीतील बियाण्याची उगवण व शुद्धता मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिचा निकाल शेतात लागतो, आणि तो चुकला तर शेतकऱ्याचा हंगाम परत येत नाही. म्हणूनच या व्यवसायात शब्दापेक्षा शेतातील प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाला मोल आले.

दुसरे उदाहरण जालना तालुक्यातील कडवंचीचे. मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९९६ पासून तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबविला. या कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या. गावाने आधी श्रमदान करावयाचे, मोकाट चराई व वृक्षतोड बंद करावयाची, गावाचीच समिती नेमावयाची आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत प्रत्येक शेताचे नियोजन त्या शेतकऱ्यासमोर बसून करावयाचे. निधी नंतर, निष्ठा आधी, असा तो क्रम होता. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळत असताना कडवंचीच्या द्राक्षबागांनी तग धरला, हे सर्वांनी पाहिले. अर्थात, पाणी आले म्हणजे प्रश्न संपला असे नव्हे. विहिरी उपसून शेततळी भरण्याचा मोह मराठवाड्यात सर्वत्र आहे. ज्या शिस्तीने पाणी आणले, तीच शिस्त ते वापरतानाही पाळावी लागते.

याच मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकरी व शास्त्रज्ञ यांचे चर्चासत्र भरत आले आहे. तेथे सल्ला देणाऱ्याला पुढच्या महिन्यात त्याच शेतकऱ्यासमोर पुन्हा उभे राहावे लागते. चुकलेला सल्ला झाकता येत नाही. लोकविश्वासाची याहून सोपी व कठीण परीक्षा कोणती? शेजारच्या बदनापूर संशोधन केंद्राने लवकर तयार होणारा ‘बीडीएन ७११’ हा तुरीचा वाण दिला. कमी पावसाच्या भागात तो उपयुक्त ठरतो. तुरीची मुळे जमिनीला नत्र देतात, गळलेला पाला सेंद्रिय खत होतो. ज्वारी, बाजरी आणि तूर यांचा फेरपालट हेच कोरडवाहू मातीचे खरे भांडवल आहे.

मात्र शेतात मिळविलेला विश्वास बाजारात गमावला जाऊ शकतो. २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे विक्रमी पीक आले. हमीभाव ५,०५० रुपये क्विंटल असताना बाजारात त्याहून कमी दराने विक्री झाली, आणि खरेदी केंद्रांवर बारदान्याअभावी शेतकऱ्यांना दिवसेंदिवस रांगेत थांबावे लागले. डाळ पिकवून जमीन सुधारा, असे ज्याला सांगितले, त्याच्या पदरी त्या वर्षी निराशा आली. अशा शेतकऱ्याला पुढच्या वर्षी तोच उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा?

शेतकरी उत्पादक कंपन्यांचा उपयोग येथे आहे. एकत्र साठवण, चाळणी-प्रतवारी आणि सामुदायिक विक्री यांमुळे लहान शेतकऱ्याला थांबण्याची ताकद मिळते. परंतु कंपनीची पाटी लावल्याने विश्वास मिळत नाही. सभासदासमोर काटा व्हावा, ओलावा त्याच्यादेखत मोजावा, कडता किती व कशासाठी हे पट्टीवर लिहावे, आणि वार्षिक सभेत नफ्याबरोबर तोटाही वाचून दाखवावा. तोटा लपविणारी संस्था एक वर्ष वाचते. तोटा सांगणारी संस्था पिढ्यान् पिढ्या टिकते.

धर्मादाय संस्थेचा नियमही हाच आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने दरवर्षी हिशेब तपासून घेणे बंधनकारक केले. पण समाजाचा विश्वास त्याहून पुढे असतो. दानपेटी चार जणांसमोर उघडली जाते, म्हणूनच त्या पेटीत पुन्हा दान पडते.

या दृष्टीने जालना एमआयडीसीतील उद्योजक, डाळमिलचे मालक, मोंढ्यातील अडते आणि व्यापारी यांच्यावर मोठी जबाबदारी आहे. समाजातील अनेक घरे या व्यवसायांत आहेत. चोख माप, वेळेवर पैसा आणि स्वच्छ मालाला स्वतंत्र भाव एवढे तिघांनी पाळले, तरी शेतकरी जमिनीची काळजी घेण्यास आपोआप प्रवृत्त होईल. अस्तेय व्रताचा अर्थ केवळ चोरी न करणे एवढाच नाही. खोटे माप हाही त्या व्रताचा अतिचार आहे. पर्युषणात क्षमा मागणाऱ्याने वर्षभर काटा सरळ ठेवला, तर त्या क्षमेला खरा अर्थ येतो.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत मंदिराच्या हिशेबाइतकाच धान्याचा हिशेबही स्वच्छ राहो, आणि या परिसरातील माती पुढील पिढीच्या हाती आजच्याइतकीच, किंबहुना अधिक, सकस स्थितीत पोहोचो, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!