जवाहर चौकातील एक खोली आणि एक मत

(मंडळाच्या मासिक सभेत एका गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यकारिणीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेत आमच्या नावापुढे 'सहकार आणि आपण' असा भारदस्त विषय छापला आहे. प्रत्यक्षात आम्ही एका खोलीबद्दल बोलणार आहोत. जवाहर चौकापासून पाच मिनिटांवर आमची सोसायटी आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली, एका भिंतीला ओटा, न्हाणीघर आणि तुळशीची कुंडी मावेल एवढी गॅलरी, असा हा गाळा विकणे आहे. लिफ्ट नाही. दलाल त्याला 'स्टुडिओ अपार्टमेंट' म्हणतात. आम्ही 'ताईंची खोली' म्हणतो.

ताई गेल्या त्याला चार वर्षे झाली. त्यांची कहाणी इथल्या निम्म्या घरांची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी कारकून, लेखापाल आणि अधिकारी फायलींबरोबर इकडे आले. ताईंचे वडील त्यांतलेच. या नव्या शहरात वस्त्यांना नावेसुद्धा मोजणीची पडली. साडेबाराशे, अकराशे क्वार्टर्स, चौऱ्याहत्तर बंगले. पत्ता सांगताना आपण आकडा सांगतो हे बाहेरगावच्या पाहुण्याला अजून विचित्र वाटते. ताईंचे बालपण साउथ टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये गेले. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटले. ताई शिक्षिका होत्या, लग्न केले नाही. पगारातून पैसे साठवून त्यांनी ही खोली घेतली. सरकारी क्वार्टर आणि स्वतःचे घर यांतला फरक त्यांना आमच्यापेक्षा आधी कळला होता.

तो फरक पुढे सगळ्यांनाच दिसला. २०१६ साली स्मार्ट सिटीची योजना आधी शिवाजीनगर-तुळशीनगरसाठी जाहीर झाली. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला आणि योजना टी. टी. नगरला सरकली. क्वार्टर्स पडली, झाडे गेली. ज्या ओळींमध्ये आपण गणपतीची वर्गणी मागत फिरलो, त्या ओळी आज दाखवता येत नाहीत. भाषा कितीही वर्षे बोलली तरी क्वार्टरवर हक्क येत नाही. ताईंची खोली मात्र उभी आहे, आणि आता भदभदा ते रत्नागिरी या मेट्रोमार्गावर जवाहर चौक हे स्थानक ठरलेले असल्यामुळे तिच्याकडे पुष्कळांचे लक्ष आहे.

आता आमची चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच इथे उभे आहोत.

दोन वर्षांपूर्वी या खोलीला गिऱ्हाईक आले होते. रुग्णालयात नोकरी करणारी एक मुलगी, एकटी, मराठी नव्हे. ताईंचा पुण्याचा भाचा द्यायला तयार होता, भाव ठरला होता. सोसायटीचे ना-हरकत पत्र तेवढे हवे होते. आम्ही 'नाही' म्हटले नाही. आम्ही म्हटले, बैठक व्हायची आहे. मग म्हटले, सचिव गावाला गेले आहेत. तिसऱ्या वेळी म्हटले, दिवाळीनंतर बघू. ती मुलगी शहाणी होती, समजली. तिने कोलार रोडकडे घर घेतले. आमच्यातल्या काहींना हायसे वाटले. पुढच्या पावसाळ्यात बंद न्हाणीघरातली पाइप फुटली आणि खालच्या घराचे छत ओले झाले. देखभालीचे पैसे थकले. गॅलरीतली तुळस वाळली. आपले माणूस येईल म्हणून आम्ही खोली राखली, आणि आपले माणूस आलेच नाही. येणार कुठून? आपली मुले पुण्याला आणि बंगळुरूला आहेत. घर विकायला काढणारेही आपणच आहोत, ही गोष्ट चर्चेत कुणी काढत नाही.

यावर एक सदस्य म्हणाले, "मग उपविधीतच लिहा की घर मराठी माणसालाच द्यायचे." ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कायदा तिच्या बाजूने काही बोलतो. अहमदाबादेत १९२६ साली नोंदलेली पारशी मंडळींची एक गृहनिर्माण सोसायटी आहे. सदस्यत्व फक्त पारशांना, असे तिच्या उपविधीत लिहिलेले आहे. एका सदस्याला जागा बाहेरच्या बिल्डरला विकायची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २००५ मध्ये निकाल सोसायटीच्या बाजूने लागला. आपल्या समाजापुरती संस्था काढणे हा संघटना स्थापन करण्याच्या मूलभूत स्वातंत्र्याचा भाग आहे आणि सदस्य होताना माणूस ती अट मान्य करतो, असा त्याचा मथितार्थ. पुढे ९७व्या घटनादुरुस्तीने १९(१)(ग) मध्ये सहकारी संस्थांचे नावच आले. त्या दुरुस्तीचा राज्यांतल्या संस्थांपुरता मोठा भाग २०२१ साली न्यायालयाने रद्द केला, पण हा शब्द राहिला.

पण त्या निकालाची मेख उपविधीत आहे. त्यांनी अट पहिल्या दिवसापासून लिहून ठेवली होती. आमच्या उपविधीत तशी ओळ नाही. ताईंनी ती वाचून घर घेतलेले नाही. न लिहिलेली अट 'दिवाळीनंतर बघू' म्हणून राबवणे ही टाळाटाळ झाली, आणि अर्जदाराने सहकार खात्यात दाद मागितली असती तर आमच्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. न्यूयॉर्कच्या को-ऑप इमारतींत मंडळाने कारण न देता गिऱ्हाईक नाकारायची जुनी रीत आहे, असे आमच्यातले परदेशी जाऊन आलेले सांगतात. असेल. तिथे माणूस शेअर विकत घेतो आणि घरात भाडेपट्ट्याने राहतो. आमच्या इथे ताईंच्या नावाची रजिस्ट्री आहे.

मग आता ओळ घालावी का? आमच्यात मतभेद आहेत, ते लपवत नाही. बाजूने बोलणारे मुंबईच्या गावदेवीचे उदाहरण देतात. १९१५ साली तिथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. ती एका समाजाचीच होती. खरे आहे. पण ती निघाली तेव्हा मुंबईत नोकरीला आलेल्या मध्यमवर्गीयांना परवडणारे घर मिळत नव्हते. घर नसलेल्याला घर देण्यासाठी जात-बिरादरीचा विश्वास वापरला गेला. आमच्याकडे घर आहे आणि राहायला माणूस नाही. दोन्ही गोष्टींना एकच नाव देणे आमच्यातल्या बहुतेकांना पटत नाही. शिवाय उद्या दुसऱ्या कॉलनीने आपल्याला हीच ओळ दाखवली तर याच सभागृहात आपण निषेधाचा ठराव करू, हेही आम्हांला ठाऊक आहे.

आणि हे राजकीय पत्रक आहे, तेव्हा मतांचे बोलू. सहकारात एका सदस्याला एक मत. तीन खोल्यांच्या फ्लॅटला एक, ताईंच्या खोलीलाही एकच. ताई हयात होत्या तोवर प्रत्येक सर्वसाधारण सभेला पहिल्या रांगेत असत आणि हिशेबाच्या पान दोनवर हमखास बोट ठेवत. कोषाध्यक्षांना ते आवडत नसे. आज ते मत कुणाचेच नाही. अशी कुलूपबंद घरे आमच्याकडे चार आहेत, आणि गणसंख्येअभावी मागची सभा तहकूब करावी लागली. नगर निगमच्या निवडणुकीत वॉर्डात मराठी मते किती, हे आपण बोटांवर मोजतो. स्वतःच्या इमारतीत गणसंख्या भरत नाही.

विकणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण हे सगळ्यांना लागणार आहे. ताईंनी भाच्याचे नाव नॉमिनी म्हणून लिहिले होते, एवढ्यावर तो मालक झाला असे आम्ही धरून चाललो होतो. पण ताईंची एक भाचीही आहे. २०१६ साली इंद्राणी वाही यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सोसायटीने नॉमिनीच्या नावावर हस्तांतर करावे, मात्र इतर वारसांना आपला हक्क मागण्याची वाट मोकळी राहते. तो खटला पश्चिम बंगालच्या सहकार कायद्याखालचा होता आणि आपल्याकडे १९६०चा मध्य प्रदेशचा कायदा आहे, तेव्हा वकिलाला विचारूनच पाऊल टाका. भावा-बहिणींचा लेखी करार आधी, गिऱ्हाईक नंतर. तुमची सोसायटी फ्लॅटची आहे की प्लॉटची, जमीन लीजवर आहे की मालकीची, शेअर सर्टिफिकेट कुठल्या ट्रंकेत आहे, हे तुम्ही धडधाकट असताना मुलांना सांगून ठेवा. ताईंचे सर्टिफिकेट पंचांगाच्या आत सापडले, तेही आठ महिन्यांनी. आणि मृत्युपत्र करा. त्याने कुणी लवकर मरत नाही.

गणपतीचे काय होईल, हा प्रश्न आमच्याही मनात आहे. आरतीला माणसे कमी झाली आहेत, हे खरे. पण मागल्या वर्षी प्रसादाचे पातेले उचलायला तळमजल्यावरचा मालवी भाडेकरू आणि त्याचा मुलगा होता, आणि आरतीची पुस्तिका हातात न घेता तो पोरगा सगळी कडवी म्हणत होता. आम्ही पुस्तिकेत बघत होतो.

कार्यकारिणीने असे ठरवले आहे की ना-हरकतीचा अर्ज आला की तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचे. नकार असेल तर कारण कागदावर, सह्यांसकट. थकबाकी आणि पाइपचा खर्च विक्रीच्या वेळी वळता होईल, भाचा-भाची दोघांनी तसे लिहून दिले आहे. उपविधीत ओळ घालण्याची सूचना पुढच्या सर्वसाधारण सभेत मतदानाला येईल, ती दडपली जाणार नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांनी निदान सभेला यावे.

खोली पाहायची असल्यास किल्ली चौकीदाराकडे आहे, रविवारी सकाळी दहा ते बारा. जिना अरुंद आहे, जरा जपून.