विहिरीत पोहणारा कोकणात जातो तेव्हा

आजचा भाग फिरण्याबद्दल आहे, पण नुसती "ही दहा ठिकाणं पाहाच" अशी यादी नाही. यादी देणार आहेच, काळजी नको. पण त्या यादीसोबत एक गोष्ट बोलायचीय, जी आपल्याकडे कुणी फारशी बोलत नाही.

झालं असं, की माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो तिकडे वाशिमलाच असतो. नऊ पोरं, एक गाडी, चार दिवस, कोकण. प्लॅन पक्का. मी विचारलं, समुद्रात उतरणार का? तर म्हणे, "दादा, आपल्याले कायचं भेव? लहानपणापासून विहिरीत पोहतो आपण!"

आता हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक पोराचं आहे. म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं, तेच आज नीट, सविस्तर, तुम्हा सगळ्यांना सांगतो.

आपलं पाणी

वाशिमपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साधारण साडेचारशे किलोमीटर लांब. आपलं पाणी म्हणजे शेतातली विहीर, एकबुर्जीचा तलाव, पैनगंगा आणि अडाण, आणि शहरात पद्मतीर्थ. पोहायला शिकायचं म्हणजे उन्हाळ्यात पाठीला रिकामा डबा बांधायचा, काकानं कमरेला दोर बांधून वरून ढकलायचं, आणि दोनचार वेळा नाकातोंडात पाणी गेलं की झालं शिक्षण.

हे शिक्षण कमी नाही बरं का. विहीर माणसाला खोल पाण्याची भीती घालवायला शिकवते, दम धरायला शिकवते, उभ्या उभ्या तरंगायला शिकवते. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. दमलात की चार हात मारले, पायरी नाहीतर काठावरचा दगड हाताला लागतो. वर दोर घेऊन कुणीतरी उभं असतं. म्हणजे विहिरीत धोका एकच, खोली. समुद्रात खोली हा शेवटचा धोका आहे. त्याआधी तीनचार गोष्टी येतात, आणि त्यातली एकही विहीर शिकवत नाही.

त्या गोष्टींकडे येऊच. आधी पोहोचूया तर.

वेशीवरचं गाव : सावंतवाडी

दक्षिण कोकणात शिरायचं तर माझ्या मते मुक्काम सावंतवाडीला टाकावा. इथून वेंगुर्ल्याचा समुद्र तीसएक किलोमीटर, आंबोलीचा घाट दुसऱ्या बाजूला तेवढाच, आणि मालवण दीड-दोन तासांवर. रोज बॅगा उचलायची गरज नाही.

जायचं कसं? रस्त्यानं वाशिम ते सावंतवाडी आठशे किलोमीटरच्या आसपास पडतं. बरेच जण पुण्यात मुक्काम करून कोल्हापूरकडून, आजरा-आंबोली घाटानं उतरतात. रेल्वेनं जायचं तर अकोल्याहून नागपूर-मडगाव गाडी पाहा. ती आठवड्यात मोजकेच दिवस असते, त्यामुळे आधी वेळापत्रक बघा. कुडाळला उतरलात की सावंतवाडी वीस-बावीस किलोमीटर. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. आपला वाशिम जिल्हाही १९९८ चाच, १ जुलैचा. वयाने सारखेच!

सावंतवाडीच्या मधोमध मोती तलाव आहे, काठाला राजवाडा. राजवाड्यात गंजिफा बनवतात. म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते असतात, प्रत्येक अवताराचे बारा. ही कला बंद पडायला आली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्यानं पुन्हा उभी केली. चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं मिळतात. आणि घरी शाकाहारी मंडळी असतील तर घाबरू नका. काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, सोलकढी. मासे न खाताही तिथे माणूस तृप्त होऊन उठतो.

गोडं पाणी

पहिला दिवस आंबोलीला द्या. आपल्याकडे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो. इथेच हिरण्यकेशी नदी उगम पावते. गुहेत मंदिर, समोर कुंड, गार पाणी. मला गंमत याची वाटते, की अरबी समुद्र इतका जवळ असून ही नदी त्याच्याकडे जात नाही. ती पूर्वेला वळते, घटप्रभेतून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. आपली पैनगंगाही वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत शेवटी तिथेच पोहोचते.

दुसरं ठिकाण, धामापूर तलाव. कुडाळ-मालवणच्या वाटेवर आहे. १५३० मध्ये बांधलेला, काठाला भगवती देवीचं मंदिर, चारी बाजूंना झाडी. २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पाचशे वर्षांपूर्वीचा तलाव आजही कामात आहे. आमच्या कामात पाच वर्षं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे म्हातारं, तिथे हे पाहून माणूस गप्प होतो. हे ठिकाण काठावर शांत बसायचं आहे, उड्या मारायचं नाही.

तिसरं, वैभववाडी तालुक्यातला नापणे धबधबा. हा बारमाही आहे. आणि पावसाळ्यात कणकवलीजवळचा सावडाव.

नदीतल्या खोल जागेला आपण डोह म्हणतो, तिकडे कोंड म्हणतात. ओढ्याला व्हाळ. कोंडीचं पाणी वरून आरशासारखं दिसतं, म्हणून आपल्याला ते विहिरीसारखं वाटतं. पण तिथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, खाली कातळ असतो आणि तो एकसारखा नसतो, त्यामुळे सूर मारायचा नाही. दोन, शेवाळ. कोंडीत माणूस पोहताना बुडायच्या आधी काठावरच घसरतो. तीन, वर घाटात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी एकदम वाढतं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा यायला लागला, आवाज बदलला, तर कपडे गोळा करत बसू नका. आधी वर या.

खारं पाणी

आता किनारे. दक्षिणेकडून सुरुवात करू. रेडी, तेरेखोल खाडीच्या अलीकडे. वर यशवंतगड, गावात गणपती. मग शिरोडा. इथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, आणि वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्याच शाळेत शिक्षक होते. शेजारी आरवलीचा वेतोबा, ज्याला लोक केळी आणि चामड्याच्या चपला वाहतात. पुढे वेंगुर्ला, मग निवती आणि भोगवे. त्यापुढे देवबाग, तारकर्ली, मालवण.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ला पाहाच. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंना खारा समुद्र, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. बाव म्हणजे विहीर. आपण विहिरीवाली माणसं, आपल्याला तिथे थांबून आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. एक लक्षात असू द्या, मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. समुद्रावर जगणारी माणसं ज्या महिन्यांत समुद्रापासून लांब राहतात, त्या महिन्यांत आपण छाती काढून आत जायचं कारण नाही.

विहीर जे शिकवत नाही

पहिली गोष्ट, भरती-ओहोटी. तुम्ही उतरलात तेव्हा कमरेएवढं असलेलं पाणी दोन तासांनी गळ्याला लागू शकतं. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांकडे याचं एक सूत्र आहे, आणि मला ते कुठल्याही ॲपपेक्षा आवडतं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. एकदा दिवसा, एकदा रात्री. साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला पुरतं. चंद्र रोज जवळपास पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. हे सूत्र त्यावरच उभं आहे. घरातलं कॅलेंडर काढा आणि आजची भरती काढून बघा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं, त्याला उधाण म्हणतात.

दुसरी गोष्ट, परतीचा प्रवाह. लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. ते पाणी परत जाणार कुठून? ते एखाद्या अरुंद वाटेनं जोरात समुद्राकडे धावतं. आता फसवणूक कुठे आहे ते ऐका. जिथे हा प्रवाह असतो, तिथे लाटा कमी फुटतात. पाणी शांत आणि थोडं गडद दिसतं. विहिरीची सवय असलेला डोळा म्हणतो, "ही जागा बरी." आणि माणूस नेमका तिथेच उतरतो.

अशा प्रवाहाचा वेग जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जातो. ऑलिंपिकमधला जलतरणपटू शंभर मीटर साधारण ४७ सेकंदांत पोहतो, म्हणजे त्याचाही वेग जवळपास एवढाच. आपण त्याच्याशी झुंजून जिंकणार नाही. पण हा प्रवाह खाली ओढत नाही, बाहेर ओढतो. म्हणून अडकलात तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसू नका, दमून जाल. आधी तरंगा. दम सांभाळा. मग किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ती वाट अरुंद असते, तिच्यातून बाजूला पडलात की लाटाच तुम्हाला आत आणतात. जमत नसेल तर तरंगत राहा आणि एक हात वर करा. उभ्या उभ्या तरंगणं विहिरीनं शिकवलंय ना? ते इथे कामाला येतं.

तिसरी गोष्ट, खाडीचं तोंड. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. दिसायला जागा अप्रतिम. पण ओहोटीच्या वेळी खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर निघतं. फोटो काढा, अंघोळ करू नका.

१५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. एप्रिल महिना, म्हणजे पावसाळाही नाही, वादळही नाही. माझ्यासारखीच इंजिनिअरिंगची पोरं. ही बातमी मी आजही विसरलेलो नाही.

मग करायचं काय?

किनाऱ्यावर पोहोचलात की पाण्याआधी माणसं शोधा. जाळी विणणारे, होडीवाले, शहाळीवाले. त्यांना "इथे पोहू का?" असं विचारू नका. विचारा, "तुमची पोरं कुठे पोहतात?" उत्तर आपोआप बदलतं. आणि त्यांनी "आज नको" म्हटलं, तर का म्हणून वाद घालू नका. ते रोज बघतात, आपण वर्षातून एकदा. पुढे गोव्यात गेलात तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरा. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही.

कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही. दारू प्यायली असेल तर अजिबात नाही. अंधार पडल्यावर नाही. आणि नऊ जण असाल तर दोघांनी काठावर थांबायचं, आळीपाळीनं.

त्या दोघांना एक काम द्या. पाच लिटरची झाकण घट्ट लावलेली रिकामी कॅन आणि लांब दोर जवळ ठेवा. कुणी अडकलं तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असंच करत एका गटातले चारपाच जण जातात. कॅन फेका, दोर फेका, स्थानिकांना हाक मारा, ११२ ला फोन करा. विचार करा, लहानपणी पाठीला डबा आणि वर दोर घेतलेला काका हीच आपली पद्धत होती. विहिरीतून फक्त हिंमत घेऊन जाऊ नका. तो डबा आणि तो काकाही सोबत न्या.

कोकणात जरूर जा. आपल्या भागातल्या प्रत्येकानं एकदा तरी समुद्र बघावा, पायाखालची वाळू लाटेनं सरकताना अनुभवावी. पोरांना न्या, आईवडिलांना न्या. माझ्या गावातली कित्येक म्हातारी माणसं समुद्र न बघताच गेली. समुद्र बघायचा आणि घरी येऊन त्याच्या गोष्टी सांगायच्या, एवढंच तर हवंय.

मेच्या सुट्टीत तुमच्या ग्रुपमध्ये कुणी निघालं असेल, तर हा भाग त्याला पाठवा. भरतीचं सूत्र तुमच्याकडच्या कॅलेंडरवर जुळलं का, तेही कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर मजा करा, आणि पाण्याला विचारून उतरा!