डोंगराची वाट कोणाची?

(जऊळका येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. थंड हवेच्या ठिकाणी होणारी मोटारींची गर्दी, तेथील वाहनतळ आणि तेथे पोचण्याच्या वाटा, हा काय जऊळक्यात बोलण्याचा विषय झाला? सोयाबीनचा भाव, पीकविमा, उन्हाळ्यातले पाणी हे प्रश्न दाराशी उभे असताना सुखवस्तूंच्या सहलीची चिंता आपण का वाहावी? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर देऊनच मला पुढे जाता येईल.

रस्ता आणि जमीन यांच्या वाटपाचा प्रश्न हा समाजातील सत्तेच्या वाटपाचाच प्रश्न असतो. शेतजमिनीच्या बाबतीत आपल्या चळवळीने हे फार पूर्वी ओळखले. महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली झाला आणि एका कुटुंबाने किती जमीन धरावी याला समाज मर्यादा घालू शकतो, हे तत्त्व निदान कागदावर मान्य झाले. परंतु सार्वजनिक रस्त्यावरची आणि गावठाणातली जागा कोण किती व्यापतो, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. सपाटीवर जागा पुष्कळ असते, म्हणून तो हिशेब झाकून जातो. डोंगरावर एका बाजूस दरी आणि दुसऱ्या बाजूस कडा असतो; तेथे लपवायला जागाच उरत नाही. म्हणून डोंगराचे उदाहरण घ्यायचे.

आपला जवळचा डोंगर म्हणजे चिखलदरा. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या जंगलाला लागून, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी परतवाड्याकडून चढणाऱ्या घाटात मोटारींच्या रांगा लागतात. त्या रांगेत कोण अडकलेले असते ते नीट पाहा. सहलीला निघालेले कुटुंब असते. त्याचे दोन तास जातात आणि मनस्ताप होतो. त्याच रांगेत एस.टी.ची गाडी असते. तिच्यात बाजार करून परतणारे कोरकू आदिवासी, शाळेचे शिक्षक, दवाखान्याची परिचारिका बसलेली असते. आणि समोरच्या बाजूने एखादी रुग्णवाहिका खाली अचलपूरकडे यायला निघालेली असू शकते. मेळघाटातील बालमृत्यूंची आणि कुपोषणाची चर्चा १९९० च्या दशकापासून विधिमंडळात आणि न्यायालयात होत आली आहे. अशा मुलखात बाळंतिणीला मिळणारा पक्का रस्ता करमणुकीच्या वाहनांनी बंद पडणे, याला केवळ 'वाहतुकीची कोंडी' म्हणून सोडून देता येत नाही.

आता थोडे अंकगणित मांडू. एक मोटार उभी करायची, तर ती वळवण्याच्या जागेसह साधारण २५ चौरस मीटर जमीन लागते. एस.टी.च्या एका गाडीत ४४ प्रवासी बसतात असे धरा. तेच ४४ लोक चार-चारच्या हिशेबाने मोटारींतून आले, तर ११ मोटारी झाल्या आणि त्यांना २७५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन गुंठे जमीन लागली. शंभर मोटारींना पंचवीस गुंठे. आपल्या भागात पंचवीस गुंठ्यांवर भावाभावांत खटले चालतात, पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. डोंगरावर मात्र तेवढी जमीन रिकाम्या मोटारींना दिवसभर उभे राहण्यासाठी दिली जाते आणि ती अपुरी पडली की आणखी झाडे तोडून वाहनतळ वाढवण्याची मागणी होते. वाहनतळ वाढला की मोटारी वाढतात. मोटारी वाढल्या की तो पुन्हा अपुरा पडतो. या चक्राला विकास हे नाव दिले जाते.

याला पर्याय नव्हता असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून एक अरुंद मापाची रेल्वे अचलपूरला, म्हणजे चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला, आणि दुसरी आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्यावरून यवतमाळला धावू लागली. लोक तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. ती इंग्रजांनी कापसासाठी बांधली, हे खरे. पण तिच्यातून गरीब माणूसही प्रवास करीत असे. या दोन्ही मार्गांवरच्या गाड्या आज बंद पडल्या आहेत. दुसरीकडे आपल्या जिल्ह्याच्या शिवारातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला आणि ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. त्या रस्त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला मनाई आहे. वेगाच्या रस्त्यावर सुरक्षिततेसाठी ते आवश्यक असेलही. परंतु ज्याच्या बांधावरून तो रस्ता गेला आणि ज्याच्याकडे मोटार नाही, त्या शेतकऱ्यासाठी त्याच तत्परतेने काय उभे राहिले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. आपण जऊळक्याचे लोक रेल्वेच्या काठी राहतो. २००८ साली अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाला, त्याचा उपयोग आपल्याला ठाऊक आहे. सार्वजनिक वाहन म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आता मी तुम्हाला दूर कोकणच्या बाजूला नेतो, कारण डोंगर आणि मोटार यांचा झगडा महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे जेथे लढला गेला, ते ठिकाण रायगड जिल्ह्यातले माथेरान आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तेथे चढला आणि गोऱ्या साहेबांसाठी गाव वसले. १९०७ साली मुंबईच्या पीरभॉय कुटुंबाने नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे २१ किलोमीटरची छोटी रेल्वे बांधून पुरी केली. पुढे ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. माथेरानात मोटारीला प्रवेश नाही. ती दस्तुरी नाक्यावर थांबते. मालक मंत्री असो वा गिरणीमालक, त्याला तेथे उतरावे लागते.

हे ऐकून आपल्याला आनंद होतो. पण मित्रहो, थोडे थांबा. दस्तुरीपासून गावापर्यंतचे सुमारे अडीच-तीन किलोमीटर उतारू कसा जात असे? ज्याला चालणे शक्य होते तो चालत असे. बाकीचे घोड्यावर बसत, किंवा हातरिक्षात. हातरिक्षा म्हणजे चाके लावलेली पालखी. एक माणूस पुढून ओढतो, एक-दोन मागून ढकलतात आणि तांबड्या मातीच्या चढावर, पावसाच्या चिखलात, दुसऱ्या माणसाला वाहून नेतात. गाव धूरमुक्त राहिले. पण धुराऐवजी माणसाचा घाम जाळून. पर्यावरणाचे रक्षण झाले आणि त्याची किंमत ९४ परवान्यांच्या हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीने आणि गुडघ्यांनी भरली. निसर्गावरचे प्रेम श्रमिकाच्या पाठीवर बसून डोंगर चढू लागले, तर समाजवाद्याने त्याला नुसते निसर्गप्रेम म्हणून मान डोलवू नये.

याविरुद्ध तेथील एका निवृत्त शिक्षकाने आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांची मागणी साधी होती: हातरिक्षेऐवजी विजेवर चालणारी रिक्षा द्या आणि ती आम्हालाच चालवू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तिचा प्रयोग सुरू झाला. शाळेत चालत जाणाऱ्या मुलांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिचा उपयोग झाला. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे. ती सहा महिन्यांत बंद करावी. गुजरातेत केवडिया येथे स्थानिक महिलांना विजेच्या रिक्षा भाड्याने दिल्या जातात, त्या धर्तीवर राज्य सरकारने रिक्षा विकत घेऊन या श्रमिकांना द्याव्यात. आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये. सायकलरिक्षा चालवणाराच तिचा मालक व्हावा, हा विचार पंजाबच्या 'आझाद रिक्षा पुलर्स' खटल्यात १९८० सालीच न्यायालयाने उचलून धरला होता. म्हणजे माथेरानच्या चढावर तो विचार पोचायला पंचेचाळीस वर्षे लागली.

या प्रकरणात विरोधकही होते आणि त्यांना खलपुरुष ठरवून आपले काम होणार नाही. माथेरानात शेकडो घोडे आहेत. त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांना विजेच्या रिक्षेची धास्ती वाटली. तेही श्रमजीवीच आहेत. काही निसर्गप्रेमींना भीती वाटली की आज रिक्षा आली, उद्या पक्का रस्ता येईल आणि परवा मोटार. ही भीती निराधार नाही. म्हणूनच न्यायालयाने दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत फरशीच्या विटा बसवण्यास परवानगी देताना खाली काँक्रीट घालण्यास आणि आतल्या पायवाटांना हात लावण्यास मनाई केली. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करणे हा प्रस्थापितांचा जुना डाव आहे. घोडेवाला आणि रिक्षावाला यांच्यात उतारू कसे वाटायचे, दर काय ठेवायचे, हे एका पंचायतीत बसून ठरवता येते. बाबा आढावांनी १९५५ साली पुण्यात हमाल पंचायत उभी केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. असंघटित श्रमिकाला संघटित करून त्याच्या कामाचे नियमन करता येते, हे या महाराष्ट्राने देशाला दाखवलेले आहे.

जगात काय चालले आहे? स्वित्झर्लंडमध्ये त्सेरमाट नावाचे बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथे तेलावर चालणारी खाजगी मोटार येऊ दिली जात नाही. ती खाली टेश या गावी उभी करायची आणि आगगाडीने वर जायचे. वर विजेची छोटी वाहने असतात. त्सेरमाट हे श्रीमंतांचे गाव आहे, हे मी विसरलेलो नाही. पण त्या आगगाडीत कोट्यधीश आणि हॉटेलात भांडी घासणारा एकाच डब्यात बसतात, हेही विसरू नका. आपल्या देशात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या वाहनांना नोंदणीचा परवाना घ्यावा लागू लागला. पुढे एप्रिल २०२५ पासून हंगामात उटीसाठी रोज ६०००, तर शनिवार-रविवारी ८००० वाहनांची मर्यादा घातली गेली. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सार्वजनिक बसला ही मर्यादा नाही. आणि मर्यादा न घातल्यास काय होते, ते जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या डोंगरगावी दिसले. बर्फ पाहायला हजारो मोटारी एकाच वेळी चढल्या, वादळात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे, त्यांत लहान मुलेही, आपापल्या मोटारींतच मरण पावली.

यावर एक आक्षेप येईल. आज मोटार केवळ धनिकाची राहिलेली नाही. कर्ज काढून शिक्षक, कारकून, लहान शेतकरीही ती घेतो. त्याने आयुष्यात एकदा बायकामुलांना डोंगर दाखवला, तर तुमच्या पोटात का दुखते? मित्रहो, त्याने डोंगर पाहावा, अवश्य पाहावा. ज्याच्याकडे मोटार नाही त्यानेही पाहावा, एवढेच आपले म्हणणे आहे. प्रवेशकर वाढवून गर्दी कमी करण्याचा मार्ग म्हणूनच आपल्याला अमान्य आहे. तसे केल्याने श्रीमंताची मोटार वर जाते आणि गरिबाची खाली राहते. डोंगर विकत मिळू लागतो. मर्यादा वाहनाला हवी, माणसाला नको.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी गर्दीच्या दिवशी खाजगी मोटारी पायथ्याशी थांबवाव्यात आणि तेथून एस.टी.ने सतत, परवडणाऱ्या दरात गाड्या सोडाव्यात. महिलांना मार्च २०२३ पासून मिळालेली अर्ध्या तिकिटाची सवलत त्या गाड्यांनाही लागू असावी. दोन, घाटात रुग्णवाहिकेला आणि एस.टी.ला पहिला मान असावा. तीन, पायथ्याच्या वाहनतळाचे उत्पन्न आणि तेथील रोजगार यांवर पहिला हक्क स्थानिक आदिवासींच्या सहकारी संस्थांचा असावा. ते ठेकेदाराच्या घशात जाऊ नये. चार, शकुंतलेचा मार्ग सार्वजनिक रेल्वे म्हणून पुन्हा उभा करण्याचा आग्रह आपण सोडू नये. आणि पाच, माथेरानचा निकाल कागदावरून चढावर उतरतो की नाही, हातरिक्षा ओढणाऱ्या प्रत्येकाच्या हाती रिक्षा येते की ती एखाद्या कंत्राटदाराच्या नावे होते, यावर महाराष्ट्रभरच्या कार्यकर्त्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे.

शेवटी एकच सांगतो. तुम्ही येथून घरी जाल तेव्हा आपल्या गावातून चिखलदऱ्याला कधी कोण गेले आहे, याची चौकशी करा. शेतमजुराच्या घरातले कोणी गेले असेल, तर ते रस्ता बांधायला, हॉटेल बांधायला की पाहुणा म्हणून, हेही विचारा. या चौकशीतून जे हाती येईल, ते घेऊन पुढच्या बैठकीला या. ज्या मजुराच्या हाताने घाट फोडला, त्याच्या पोराने त्या घाटातून एस.टी.च्या खिडकीशी बसून, धक्काबुक्की न सोसता, वर जावे आणि ढग पाहावेत, एवढे साधे स्वप्नसुद्धा ज्या व्यवस्थेत महाग झाले आहे, ती बदलण्यासाठीच आपण येथे जमलो आहोत.